विषाणूचे गोत्र कोण सांगणार?

पऱ्हाटीची पाने आकसली की गावात तीन माणसे तीन गोष्टी सांगतात. कृषी सहायक म्हणतो, व्हायरस आहे. कृषी केंद्रवाला म्हणतो, नवा व्हायरस आहे, त्यावर नवे औषध आले आहे. बियाणे कंपनीचा माणूस म्हणतो, आमच्या वाणावर व्हायरस येतच नाही, तुमचेच काही तरी चुकले. तिघांपैकी एकानेही पान तोडून तपासायला पाठवलेले नसते. शेतकरी मात्र तिघांचेही ऐकतो आणि तिन्ही वेळा खिशात हात घालतो.

'व्हायरस' हा शब्द आता 'नजर लागली' या शब्दासारखा झाला आहे. तो उच्चारला की पुढे कोणी काही विचारत नाही. आम्हाला विचारायचे आहे. कोणता व्हायरस? कोणत्या कुळातला? मागल्या साली होता तोच, की त्याचा भाऊबंद? आणि हे कोणी, कशावरून ठरवले? हे प्रश्न प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटवाल्यांचे आहेत, आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर वेळेवर न मिळाल्याने शेजारच्या देशातले लाखो कापूस उत्पादक एकदा नव्हे, दोनदा नागवले गेले, म्हणून आज त्यावर लिहायचे.

पाकिस्तानातल्या मुलतानजवळ १९६७ मध्ये कपाशीची पाने मुरडण्याचा रोग प्रथम नजरेस आला. आपल्याकडे मिरचीवर चुरडामुरडा येतो त्या जातीचा, पांढऱ्या माशीने पसरणारा. पाने वाटीसारखी वळतात, शिरा जाड होतात, पानाच्या मागच्या बाजूला शिरेतून आणखी एक इवलेसे पान फुटावे तशी वाढ येते, आणि झाड खुजे राहते. वीस वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रोगाने उचल खाल्ली. १९९१-९२ मध्ये पाकिस्तानात सुमारे १ कोटी २८ लाख गाठी कापूस झाला होता. पुढच्या वर्षी तो ९० लाखांच्या घरात आला आणि १९९३-९४ मध्ये ८० लाखांवर. दोन हंगामांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापूस गेला. १९९३ मध्येच हा रोग राजस्थानातल्या श्रीगंगानगर भागात दिसला, १९९४ मध्ये पंजाबात, आणि हरियाणालाही त्याने सोडले नाही. माशीला पासपोर्ट लागत नाही.

तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रतिकारक वाण काढले, आणि चांगले काढले. प्रतिकारशक्ती कुठून आणली ते ऐकण्यासारखे आहे. एक आधार होता सीपी १५/२ आणि दुसरा एलआरए ५१६६. हे दुसरे नाव आपल्या जुन्या मंडळींना सांगावे लागणार नाही. कोइमतूरला तयार झालेले हे वाण कोरडवाहू पट्ट्यात आपल्याच रानांत पेरले गेले आहे. त्याच्या रक्ताने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पाकिस्तानचा कापूस सावरला. शेतकऱ्याला वाटले, संपले संकट.

२००१ मध्ये वेहाडी जिल्ह्यातल्या बुरेवाला गावच्या शिवारात प्रतिकारक वाणांचीच पाने मुरडू लागली. पाहता पाहता एकही वाण शाबूत राहिले नाही. डोळ्यांना दिसणारा रोग तोच होता. तीच वाटी, त्याच जाड शिरा. शेतकरी म्हणत होता, वाण खोटे निघाले. विकणारा म्हणत होता, बियाण्यात भेसळ झाली. दोघांचेही निदान चुकले होते. वाण तेच होते, विषाणू बदलला होता. हे डोळ्यांना कळणे शक्य नव्हते. ते प्रयोगशाळेतच कळायचे होते, आणि पुरते कळायला काही वर्षे गेली.

आता हे कळते कसे, ते नीट समजून घेऊ. ज्याला पद्धत ठाऊक असते त्याला कोणी कागदाचा धाक घालू शकत नाही.

ज्वारी म्हटली की आपल्याला मालदांडी आणि हायब्रीड यांत फरक दिसतो. कणसावरून, दाण्यावरून, भाकरीच्या चवीवरून आपण तो सांगतो. विषाणूचेही तसेच पोटभेद असतात, पण तो इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात कपाशीच्या पानमुरडीचा विषाणू जोडफळासारखा, दोन गोळे चिकटलेला दिसतो. अडचण अशी की या कुळातले सगळेच विषाणू तसेच जुळे दिसतात. भेंडीचा हळद्या रोग, टोमॅटोची पानमुरड, कपाशीची पानमुरड, सगळ्यांची चेहरेपट्टी एक. चित्र पाहून कूळ कळते, माणूस कळत नाही.

दुसरी जुनी पद्धत झाडालाच साक्षीदार करण्याची. वेगवेगळी वाणे लावायची, सगळ्यांवर तोच विषाणू सोडायचा, आणि कोण आजारी पडते, कोण तगते, कोणाच्या पानावर लाल डाग येतात ते पाहायचे. या कामात आपल्या ज्वारीने मोठे नाव काढले आहे. ऊस, मका आणि ज्वारी यांवर मोझॅक पाडणारे, माव्याने पसरणारे विषाणू वर्षानुवर्षे एकाच विषाणूचे पोटभेद म्हणून एका दावणीला बांधले होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात काम करणारे डॉ. धर्म शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले असे १७ पोटभेद तपासले. ते एक नसून चार वेगळे विषाणू आहेत असे निघाले. पुढच्याच वर्षी ज्वारीच्या निवडक वाणांवर आणि ओटच्या झाडांवर हे चारही सोडून पाहिले, तर झाडांनीही तोच निवाडा दिला. आपल्या ज्वारीवर आढळलेला लाल पट्ट्यांचा विषाणूही याच कुळातला. ज्वारीचे झाड म्हणजे काही नुसता कडबा नव्हे.

शुक्ला यांनी चार विषाणू वेगळे कसे केले? सशाला विषाणू टोचला की त्याच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ती काढून घेऊन पानाच्या रसात मिसळली, की विषाणू असेल तर ती त्याला चिकटतात. 'एलायझा' म्हणतात ती चाचणी हीच. प्लास्टिकच्या तबकडीत ९६ खळगे, प्रत्येकात एका झाडाचा रस, आणि शेवटी ज्यात विषाणू आहे तो खळगा पिवळा होतो. वनस्पतींच्या विषाणूंसाठी ती १९७७ पासून वापरात आली. स्वस्त, सोपी, एका दिवसात शेकडो झाडे तपासणारी. पण साधे प्रतिद्रव्य विषाणूच्या अंगाला चिकटते, आणि भाऊबंदांची अंगे सारखीच असतात. बैलबाजारात एकाच जातीच्या दहा बैलांची पाठ पाहून तुमचा बैल कोणता ते सांगता येत नाही. शिंगे आणि वशिंड पाहावे लागते. या विषाणूंच्या आवरणाला बाहेर आलेले एक शेपूट असते आणि ते प्रत्येकाचे निराळे असते. शुक्लांनी अंगाला चिकटणारी प्रतिद्रव्ये गाळून टाकली, फक्त शेपूट ओळखणारी ठेवली. घोटाळा तिथेच सुटला.

कपाशीच्या पानमुरडीत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. या विषाणूचे आवरण माशीच्या अंगात टिकण्यासाठी घडलेले असते. माशी एक, म्हणून आवरणेही सारखीच. एकाच मुलखातल्या दोन वेगळ्या विषाणूंची आवरणे एकमेकांशी जुळतात, आणि दूरदेशच्या सख्ख्या भावांची जुळत नाहीत. तेव्हा 'एलायझा'ने पानमुरड आहे एवढे सांगता येते. मुलतान की बुरेवाला, हे सांगता येत नाही. एखाद्याने नुसत्या 'एलायझा'च्या भरवशावर 'जुनाच व्हायरस आहे' असे लिहून दिले तर तो कागद चहाची पुडी बांधायच्या कामाचा.

गोत्र कळते ते विषाणूच्या जनुकद्रव्यातून. या विषाणूत सुमारे २,७०० अक्षरांची एक गोल माळ असते. तिचा ठराविक तुकडा निवडून त्याच्या नकला काढायच्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे ३० फेरे झाले की एका तुकड्याचे १०० कोटींवर तुकडे होतात. ही 'पीसीआर'ची रीत. करोनाच्या साथीत तिचे नाव घरोघर पोचले. नकला झाल्या की त्यांवर असे विकर सोडतात जे ठराविक अक्षरे आली की तिथेच तोडते. ज्वारीचे धांडे पेरापेराशी मोडले तर ज्याची पेरे लांब त्याचे तुकडे लांब, ज्याची आखूड त्याचे आखूड. तुकड्यांची लांबी पाहिली की धांडे कोणाच्या शेतातले ते ओळखावे, तसे हे. आणखी एक सोय आहे. माळ गोल असल्याने एक विशिष्ट विकर घाण्याच्या बैलासारखे तिच्याभोवती फिरत राहते आणि संपूर्ण माळेच्या नकला काढते. कोणता तुकडा शोधायचा ते आधी ठरवावेच लागत नाही.

हे शेवटचे वाक्य साधे दिसते, पण सारा घोळ तिथेच होतो. 'पीसीआर'मध्ये जे शोधायला जावे तेच सापडते. मुलतानच्या खुणेचा तुकडा घेऊन गेलात तर मुलतानच मिळेल, शेजारी दुसरा बसला असला तरी तो दिसणार नाही. एका झाडात दोन-दोन, तीन-तीन विषाणू नांदतात. नांदता नांदता त्यांच्या माळा तुटतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि नवाच गडी तयार होतो. बुरेवालाचा विषाणू असाच निघाला. माळेचा काही भाग मुलतानच्या विषाणूचा, काही कोखरान नावाच्या दुसऱ्याचा. एकच तुकडा तपासणाऱ्याने त्याला एक तर मुलतान म्हटले असते, नाही तर कोखरान. सगळी माळ अक्षर न् अक्षर वाचल्यावरच खरे उघडे पडले. वाचले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. प्रतिकारक वाणांवर माजलेल्या या विषाणूत एक जनुक जवळजवळ कापलेलेच होते. जिथे १५० दुव्यांचे प्रथिन व्हायचे तिथे जेमतेम ३५ दुवे उरले होते. वाणातली प्रतिकारशक्ती ज्या खुणेवरून चोर ओळखत होती, ती खूणच चोराने काढून टाकली असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला.

आणि माळ वाचूनही काम भागत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुलतानच्या विषाणूची माळ वाचून झाली, ती शुद्ध रूपात कपाशीत सोडली, तर रोगाची खरी लक्षणे उमटेनात. दरोडा पडला होता, माणूस पकडला होता, पण हा एकटा दरोडा घालू शकतो हे सिद्ध होईना. २००१ मध्ये त्याचा साथीदार सापडला. सुमारे १,३५० अक्षरांची आणखी एक छोटी माळ, जिला बीटा सॅटेलाइट म्हणतात. एकटी ती काहीच करू शकत नाही. मोठ्या माळेच्या खांद्यावर बसून फिरते. पण झाडाचा बचाव मोडून पाने मुरडण्याचे काम तीच करते. दोघांना एकत्र सोडले तेव्हा वाटीसारखी पाने उमटली. म्हणून ज्या अहवालात फक्त मोठ्या माळेचे नाव आहे आणि साथीदाराचा उल्लेख नाही, तो पंचनामा अर्धवट समजावा.

नावांची तर गंमतच आहे. दोन माळांची अक्षरे शेकडा किती जुळतात त्यावर नाव ठरते. २०१५ पासूनचा नियम असा, की ९१ टक्क्यांहून कमी जुळली तर वेगळा विषाणू, त्याहून जास्त पण ९४ हून कमी जुळली तर त्याच विषाणूचा वेगळा पोटभेद. या नियमाने आधी स्वतंत्र विषाणू म्हणून नोंदलेला बुरेवाला आता कोखरानचा पोटभेद झाला. कागदावर त्याची पदावनती झाली. पराटीवर काही फरक पडला नाही. टक्क्यांवरून नाव कळते. वाण टिकेल की नाही ते कळत नाही, कारण वाण मोडायला एवढी मोठी माळ बदलावी लागत नाही, एक जनुक कापले तरी पुरते. २०१२ च्या सुमारास वायव्य भारतातल्या कपाशीतही बुरेवालाचेच राज्य असल्याचे दिसून आले. पुढे काही वर्षांनी दोन्ही देशांत मुलतानचे वंशज पुन्हा वरचढ झाले. म्हणजे पाच-सात वर्षांत राजा बदलतो, आणि पिशवीवरचा 'व्हायरस प्रतिकारक' हा शिक्का तसाच राहतो.

कोणी म्हणेल, हे सारे उत्तरेचे दुखणे. खरे आहे, आपल्याकडच्या कपाशीवर पानमुरड उत्तरेसारखी कधी माजली नाही. पण पांढरी माशी आपल्याकडे भरपूर आहे, भेंडी-मिरचीवर तिची पाहुणेमंडळी आहेत, आणि २००६ मध्ये मुलतानचा विषाणू थेट चीनमधल्या ग्वांगझू शहरात जास्वंदीच्या झाडावर सापडला. देशी कपाशीला हा रोग होत नाही. पण देशी कपाशी आता आपल्या किती रानांत उरली? सगळीकडे अमेरिकन जातीचे बीटी हायब्रीड. बीटीचा जनुक बोंडअळीसाठी आहे, विषाणूशी त्याचे देणेघेणे नाही, हेही अजून पुष्कळांना सांगावे लागते. आम्ही बीटीच्या बाजूने उभे राहिलो आणि राहू. म्हणूनच जे त्यात नाही ते आहे म्हणून विकलेले आम्हाला चालणार नाही.

आपल्याला जास्त जवळचे उदाहरण अनंतपूरचे. २००० च्या खरिपात आंध्रच्या त्या कोरडवाहू जिल्ह्यात सुमारे सव्वादोन लाख हेक्टरवरचा भुईमूग शेंडे करपून गेला, आणि नुकसान ३०० कोटी रुपयांच्या वर होते. लक्षणे आधीपासून माहीत असलेल्या शेंडेमर रोगासारखी, तेव्हा पहिला तर्क तिकडेच गेला. पतनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये तपासणी झाली आणि निघाला तंबाखूवरचा स्ट्रीक विषाणू. याने उपाय बदलला. शेंडेमराचा विषाणू फुलकिड्याच्या अंगात राहतो. हा दुसरा परागकणांतून येतो, फुलकिडा पान खरवडतो तेव्हा त्या जखमेतून तो शिरतो, आणि परागकण कोणाचे? बांधावरच्या काँग्रेस गवताचे, जे स्वतः आजारी दिसतही नाही. फवारणीवर पैसा ओतण्यापेक्षा बांध साफ करणे आणि कडेने ज्वारी-बाजरीच्या दाट ओळी लावून वाऱ्यावरचे फुलकिडे अडवणे यात अर्थ आहे, हे तपासणीनंतर कळले. कापूस, मूग, सूर्यफूल आणि ताग यांवरच्या भारतीय नमुन्यांचे आवरणाचे जनुक वाचले तेव्हा ते जवळजवळ एकसारखे निघाले. चार पिकांचे चार विषाणू नव्हेत, एकच गडी चार घरी जेवतो आहे! मराठवाड्यातल्या कपाशीवरही त्याची नोंद झालेली आहे. चार पिकांसाठी चार औषधे विकणाऱ्याला ही बातमी आवडणार नाही.

आणि कित्येकदा विषाणू नसतोच. शेजारच्या ज्वारीत तणासाठी टू-फोर-डी मारले आणि वाऱ्याने त्याची वाफ पराटीवर आली, की पाने बोटांसारखी लांबोडकी, चिरलेली होतात. हुबेहूब व्हायरस. थंडी पडली आणि बोंडांच्या ओझ्याने झाडाला अन्न कमी पडले की लाल्या येतो. त्यालाही व्हायरस म्हणून औषध खपवले जाते. तुडतुड्यांनी कडा वळलेली पाने तिसरी. अशा वेळी प्रयोगशाळेचे सर्वात मोलाचे उत्तर 'काही सापडले नाही' हे असते. त्या एका ओळीने एका फवारणीचा खर्च वाचतो, आणि नुकसान शेजारच्या फवाऱ्याचे की बियाण्याचे की निसर्गाचे हा वाद पुराव्यावर येतो. आज तो आवाजावर चालतो.

आमचे मागणे मोठे नाही. नवा परवाना, नवा इन्स्पेक्टर, नवे खाते आम्हाला नको. इन्स्पेक्टर वाढले की पाने तपासली जात नाहीत, दुकाने तपासली जातात, आणि कशासाठी ते सर्वांना माहीत आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता छापावी लागते. 'विषाणू प्रतिकारक' असे छापणाऱ्याने कोणत्या विषाणूच्या कोणत्या पोटभेदाविरुद्ध, कुठे आणि कोणत्या साली तपासले तेही छापावे. तपासले नसेल तर तो शब्द काढावा. दावा करायला आमची ना नाही. दाव्याला तारीख हवी, एवढेच.

कृषी विद्यापीठे आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्याकडे विद्या आहे. शेतकऱ्याने फी भरून आणलेले पान तपासून, निकालाची चिठ्ठी त्याच्या हातात, त्याच हंगामात मिळावी. निबंधात तीन वर्षांनी छापलेला निकाल तज्ज्ञाच्या बढतीला उपयोगी, पिकाला नाही. चिठ्ठीत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कोणती चाचणी केली, माळेचा तुकडा वाचला की सगळी माळ, साथीदार शोधला की नाही, आणि नमुना कोणत्या गावचा. खाजगी प्रयोगशाळा हेच काम स्वस्तात आणि लवकर करत असेल तर तिचीही चिठ्ठी पंचनाम्यात धरली जावी. सरकारी शिक्का नाही म्हणून विज्ञान खोटे ठरत नाही.

जिल्हा बैठकीपुढे हा ठराव येईल. तोवर प्रत्येक तालुक्याने एक काम करावे. संशयास्पद झाडाची शेंड्याकडची कोवळी पाने, वाळलेली किंवा किडीने खाल्लेली नव्हेत, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ओली कोंबू नयेत, दोन दिवसांत कुजतात आणि तपासायला काही उरत नाही. शेजारच्या निरोगी झाडाचीही पाने वेगळ्या घडीत घ्यावीत. कागदावर वाण, पेरणीची तारीख, शेजारचे पीक, गेल्या महिनाभरातल्या आपल्या आणि शेजाऱ्याच्या फवारण्या आणि बांधावर काँग्रेस गवत आहे की नाही हे लिहावे. पिशवीची पावती आणि पिशवीचा वरचा तुकडा जपून ठेवावा.